लंगडणारे बदक आणि जांभ्याचे खळे

प्रश्न : आमच्याकडे पाच माद्या आणि तीन नर अशी आठ बदके आहेत. दिवसभर ती घरापुढच्या खळ्यात आणि मागच्या माडाच्या आळ्यात फिरतात. आठवडाभरापासून एक मादी उजवा पाय टेकत नाही. तळपायाला वाटाण्याएवढी गाठ आली असून तिच्यावर काळी खपली आहे. शेजारचे म्हणतात, तापवलेल्या ब्लेडने कापून पू काढून टाका. तसे करावे का?
— एक वाचक, कुडाळ तालुका

उत्तर : कृपया करू नये. तळपायाच्या गादीला बारीक चीर पडून आत जंतू शिरतात आणि ही गाठ तयार होते. गुरांच्या गळवातला पू दाबला की वाहतो, त्यामुळे पक्ष्याचेही तसेच असेल असे लोकांना वाटते. पण पक्ष्याचा पू पातळ नसतो. तो पनीरासारखा घट्ट होऊन आतल्या मांसाला चिकटून बसतो. वरून कितीही दाबले तरी तो बाहेर येत नाही, उलट जंतू आणखी खोल जातात. शिवाय त्या पातळ गादीच्या लगेच वर बोटे हलवणारे स्नायुबंध आणि रक्तवाहिन्या असतात. ब्लेड अर्धा सेंटिमीटर चुकले तर बदक कायमचे लंगडे होऊ शकते. शस्त्रक्रिया लागलीच, तर ती पशुवैद्यकाने बधिर करून करायची असते.

घरी करण्याजोगे मात्र पुष्कळ आहे. कोमट पाण्यात पाय दहा ते पंधरा मिनिटे बुडवून ठेवावा, स्वच्छ फडक्याने पूर्ण कोरडा करावा आणि पोव्हिडोन आयोडीन पाण्यात मिसळून, बिनदुधाच्या फिक्या चहाच्या रंगाचे करून लावावे. त्यावर गॉज ठेवून पट्टी बोटांच्या मधून घ्यावी, म्हणजे ती चालताना सरकत नाही. पट्टी फार आवळू नये. बोटे थंड लागली किंवा सुजली, तर लगेच सोडावी. पट्टी रोज बदलावी आणि ओली झाली तर त्याच क्षणी, कारण ओल्या पट्टीपेक्षा उघडा पाय बरा. बदकाला उचलताना पायाला धरू नये, कारण अंगाच्या मानाने बदकाचे पाय नाजूक असतात. दोन्ही पंख अंगालगत दाबून, खालून हाताचा आधार देऊन उचलावे. तीन-चार दिवसांत उतार पडला नाही, सूज घोट्याकडे चढली किंवा बदकाने खाणे सोडले, तर पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. काही ठिकाणी १९६२ या क्रमांकावर फोन केल्यास फिरते पथक घरीही येते.

पण पायाला औषध लावून खळे तसेच ठेवले, तर महिनाभरात दुसरा पाय सुजेल. आपण खळे कशाचे आहे ते लिहिलेले नाही. आपल्या भागात ते बहुधा जांभ्याचे असते. पावसाने धुतलेला जांभा खरखरीत होतो. पाण्याच्या घमेल्याभोवती बदके दिवसभर उभी राहतात, तेथे सतत ओल असते आणि विष्ठाही तेथेच पडते. भिजून मऊ झालेली कातडी, धारदार दगड आणि घाण एकत्र आल्यावर आणखी काय व्हायचे राहिले? घमेले रोज जागा बदलून ठेवावे किंवा त्याखाली वाळू पसरावी. खुराड्यात कोरडा पेंढा जाड अंथरावा. पेंढा बुरसलेला मुळीच नसावा, कारण त्या बुरशीने बदकांची फुप्फुसे बिघडतात. मका आणि शेंगदाण्याची पेंडही तपासून घ्यावी. त्यांवरील बुरशीचे विष कोंबडीपेक्षा बदकाला फार लवकर मारते.

आपण विचारले नाही, तरी एक सांगतो. पाच माद्यांमागे तीन नर फार झाले, एक पुरे. माद्यांच्या मानेमागची पिसे उडून कातडी दिसू लागली असेल, तर त्याचे कारण हेच आहे.

प्रश्न : रात्री कुत्र्याने आमच्या बदकाला पंखाखाली पकडले. सोडवल्यावर सासूबाईंनी जखमेत खोबरेल आणि हळद भरली. आज तिसऱ्या दिवशी भोवतालची कातडी हिरवी दिसते आहे. ती सडली का? आणि त्याची अंडी खावीत का?
— एक वाचक भगिनी, दापोली तालुका

उत्तर : हिरव्या रंगाने घाबरून जाऊ नये. माणसाला मुका मार लागला की काळेनिळे होते. पक्ष्यात तीच जागा दोन-तीन दिवसांनी हिरवी होते, कारण रक्ताचे रंगद्रव्य मोडताना त्यांच्यात ते हिरव्या टप्प्यावर थांबते. सडलेल्या कातडीला दुर्गंध येतो, ती काळी पडते, थंड लागते. तसे आढळले तर वेळ घालवू नये.

सासूबाईंच्या हेतूबद्दल शंका नाही, पण खोबरेलाने पिसे चिकटतात, त्यांतून पाणी आत शिरते आणि बदक गारठते. हळदीची भुकटी रक्तात मिसळून वाळते, तिच्याखाली घाण दडून राहते आणि डॉक्टरांनाही जखम दिसत नाही. एक लिटर पाणी उकळून त्यात सपाट दीड चहाचा चमचा मीठ घालावे, कोमट झाल्यावर सिरिंजने हलकी धार सोडून ते सारे धुवून काढावे. हायड्रोजन पेरॉक्साइड मात्र वापरू नये. त्याने भरत आलेले मांसही जळते.

कुत्र्याचा दात वरून टाचणीएवढे भोक पाडतो आणि आत खोलवर जंतू सोडतो. त्यामुळे दिसते त्यापेक्षा जखम मोठी आहे असे धरून चालावे, भोक शिवू नये आणि प्रतिजैविकासाठी आजच डॉक्टरांकडे जावे. कातडीखाली हात फिरवल्यावर बुडबुड्यांसारखे करकर लागले, तर श्वासाची पिशवी फाटलेली असू शकते. घरातली वेदनाशामक गोळी देऊ नये. पाणी चोचीत ओतू नये, कारण श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मागेच असते. पाण्याचे भांडे पुढे ठेवावे, ते आपले पिईल. माशा बसू नयेत म्हणून त्याला पडवीत जाळीच्या टोपलीखाली ठेवावे, पण इतर बदकांचा आवाज ऐकू येईल अशा जागी. एकटे पडले की बदक खात नाही.

रेबीज हा सस्तन प्राण्यांचा रोग असल्याने बदकाची चिंता नाही. सोडवताना आपल्यापैकी कोणाला दात किंवा नख लागले असेल, तर ती जागा साबण लावून पंधरा मिनिटे धुवावी आणि माणसाने आजच लस घ्यावी. तीन दिवस गेले म्हणून सोडून देऊ नये. प्रतिजैविक सुरू झाले की डॉक्टर सांगतील तितके दिवस अंडी खाऊ नयेत.

प्रश्न : बारा दिवसांची पिल्ले कोंबडीचे खाद्य खातात, पण गुडघ्यावर बसून सरकतात. रोग आहे का?
— एक वाचक, अलिबाग तालुका

उत्तर : बहुधा नायसिन या ब गटातील जीवनसत्त्वाची कमतरता आहे. बदकाच्या पिल्लाला ते कोंबडीच्या पिल्लापेक्षा जवळजवळ दुप्पट लागते. एक वाटी खाद्यात एक ते दीड मोठा चमचा ब्रुअर्स यीस्ट (बिअर बनवताना वापरतात ते वाळवलेले यीस्ट) मिसळावे. पाव फुगवायचे यीस्ट चालत नाही. पिल्ले वर्तमानपत्रावर ठेवली असतील, तर तेही काढावे. गुळगुळीत कागदावर त्यांचे पाय फाकतात. जुने गोणपाट अंथरावे आणि ते रोज वाळवावे.