वर्गात सगळ्यांपेक्षा जास्त गुण मिळूनही रडू येतंय, मी कृतघ्न आहे का?

नाहीस. ज्यांनी तुला हा शब्द ऐकवला त्यांनी तो मागे घ्यावा.

तू लिहिलंयस की दहावीला ९१ टक्के पडले, वर्गातले बाकीचे सत्तर-पंच्याहत्तरच्या आसपास अडकले, घरचे पेढे वाटताहेत आणि तुझ्या घशाखाली घास उतरत नाही. आई म्हणते, "बाकीच्यांकडे बघ जरा." मी माध्यमिक शाळेत शिकवते, त्यामुळे निकालानंतरच्या आठवड्यात असे चेहरे दरवर्षी बघते. पण हे उत्तर मी बाई म्हणून लिहीत नाहीये. "बाकीच्यांकडे बघ" हे वाक्य मी २००५ साली ऐकलंय, घरच्या लग्नकार्यात आजही ऐकते, आणि त्यावरचं माझं म्हणणं आजवर कुणी पुरतं ऐकून घेतलेलं नाही.

आमचं गाव जळगाव जिल्ह्यात, पारोळा तालुक्यात. कोरडवाहू कापूस, विहिरीला पाणी असलं तर दिवाळीपर्यंत. मी बारावीला कला शाखेत होते. त्या काळी आमच्याकडे अभ्यासात बऱ्या असलेल्या पोरीचं पुढचं ठरलेलंच असायचं, डी.एड. म्हणजे प्राथमिक शिक्षक व्हायचा दोन वर्षांचा कोर्स, मग तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून महिना तीन हजार रुपये मानधन, आणि त्यानंतर जिल्हा परिषदेच्या शाळेत कायम नोकरी. डी.एड.ची पोरगी म्हटलं की स्थळं चालून यायची. आणि प्रवेश सगळा बारावीच्या टक्क्यांवर. जिल्ह्याची यादी लागायची, शाखेप्रमाणे, प्रवर्गाप्रमाणे. पॉइंटच्या पुढच्या आकड्यांवर नावं वरखाली व्हायची. सरकारी जागा मिळाली तर फी झेपण्यासारखी. नाही मिळाली तर खासगी कॉलेज, आणि तिथल्या मॅनेजमेंट कोट्याचा आकडा आमच्या घरात कुणी तोंडातून काढतही नव्हतं.

निकाल पारोळ्याला एका सायबर कॅफेत पाहिला. ही गर्दी. कॅफेवाला दादा एकेकाचा सीट नंबर टाकायचा आणि मागच्यांनाही कळावं म्हणून गुण मोठ्यानं वाचायचा. मराठी ८२, भूगोल ८३, समाजशास्त्र ७९, अर्थशास्त्र ७८, इतिहास ७६. इंग्रजी त्यानं सगळ्यात शेवटी वाचलं, ५४. एकूण ६०० पैकी ४५२, म्हणजे ७५.३३ टक्के. मागून कुणीतरी म्हणालं, "पहिली हीच." आणि ते खरंच होतं. आमच्या वर्गात माझ्याखालोखाल जी होती तिला साठच्या थोडं वर होते, आणि जवळजवळ अर्धा वर्ग इंग्रजीत गेला होता.

इंग्रजी हा माझा विषय होता. वर्गातल्या पोरींना मी आमच्या ओट्यावर बसवून इंग्रजी शिकवायचे. टेन्स, व्हॉइस, रिपोर्टेड स्पीच, सगळं. पेपर देऊन आल्यावर प्रत्येक प्रश्न सरांसमोर बसून ताडून पाहिला होता, आणि सर म्हणाले होते सत्तरच्या खाली येणार नाहीस. त्या सत्तरच्या हिशेबानं मी अठ्ठ्याहत्तर टक्क्यांच्या घरात होते आणि यादीत बसत होते. छापील चिठ्ठीवरच्या त्या ५४ कडे मी किती वेळ बघत राहिले सांगता येणार नाही. कॅफेवाल्या दादानं शेवटी चिठ्ठी हातात कोंबली आणि बाजूला व्हायला सांगितलं.

घरी आप्पा, म्हणजे माझे मोठे काका, पेढ्यांचा बॉक्स घेऊन ओट्यावरच बसले होते. माझा चेहरा बघून म्हणाले, "पहिली उनी ना व तू? मंग रडी कसाले राह्यनी? बाकीन्या पोरी दख!" म्हणजे पहिली आलीस ना, मग रडतेस कशाला, बाकीच्या पोरींकडे बघ. मी इंग्रजीचं सांगितलं. ते म्हणाले, बाकीच्या नापास झाल्या, तू चोपन्न घेऊन बसलीस, देवाचे आभार मान. दुसऱ्या दिवशी मी गुणपडताळणीचा अर्ज करायचा म्हटलं. घरातला पैसा आप्पांच्या हातात. अर्जाची फी काही फार नव्हती, प्रश्न पैशाचा नव्हताच. त्यांचं म्हणणं असं की पहिली आलेल्या पोरीनं पेपर तपासायला टाकला तर गाव म्हणेल एवढ्यानंही हिचं पोट भरलं नाही. माय गप्प. वडील थोरल्या भावापुढे कधी बोललेच नाहीत. अर्जाची मुदत निघून गेली.

मग यादी लागली. माझ्या शाखेची, माझ्या प्रवर्गाची यादी माझ्या वरच बंद झाली. फार नाही, एका विषयात दहा-बारा गुण जास्त असते तर नाव आलं असतं. ते ५४ खरे होते की बेरजेत काही राहिलं होतं, हे मला आजतागायत माहीत नाही आणि आता कधी कळणारही नाही.

म्हणून मी एवढी चिडून लिहितेय. 'बाकीच्यांना कमी पडले' हे सांत्वन नुसतं निरुपयोगी असतं तर मी सोडून दिलं असतं. पण त्यानं चौकशी बंद होते. ज्याला वाईट वाटतंय त्याच्याजवळ बहुतेक वेळा काहीतरी माहिती असते. आपण काय लिहिलं, किती यायला हवे होते, कुठल्या दारातून पुढे जायचंय, हे त्यालाच ठाऊक असतं. ओट्यावर बसलेल्यांना त्यातलं काही ठाऊक नसतं, त्यांच्यासमोर फक्त वर्गातला क्रमांक असतो. वर्गात पहिला येण्यानं डी.एड.च्या यादीत एक जागासुद्धा वर सरकता येत नव्हतं. आजही सरकारी पॉलिटेक्निकला जायचं असेल तर दहावीच्या गुणांवर गुणवत्ता यादी लागते, आणि २०२५ पासून अकरावीचे प्रवेशही राज्यभर ऑनलाइन झालेत. तिथे तुझ्या शेजारच्या बाकावरच्याला किती पडले हे कोण विचारतो? तू पुढे कुठे जायचं ठरवलंयस ते प्रश्नात लिहिलेलं नाहीस. तुझ्या रडण्याचं उत्तर अर्धं तिथेच असणार.

आणि गुणपत्रिका नीट वाच. ९१ टक्के हा बेस्ट ऑफ फाइव्हचा आकडा आहे. सहापैकी चांगले पाच विषय धरून ५०० पैकी काढलेला. सहावा विषय, ज्यात सगळ्यात कमी पडले, तो टक्केवारीतून गळतो, गुणपत्रिकेवरून गळत नाही. माझ्याकडे ९० च्या वर टक्के असलेली मुलं रडत येतात तेव्हा मी आधी तो गळलेला विषय शोधते. बहुतेक वेळा गणित असतं किंवा विज्ञान, आणि पोराला पुढे सायन्सला जायचं असतं. घरच्यांना ९१ दिसतात, पोराला तो एक विषय दिसतो. दोघं दोन वेगळे आकडे बघत भांडत असतात. त्यातही प्रत्येक विषयात २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात, आणि ते बहुतेक शाळा सढळ हातानं देतात, सगळ्यांनाच. तू खरा किती उतरलास ते ८० च्या लेखी परीक्षेत कळतं. गणितात भाग एक आणि भाग दोन, चाळीस-चाळीसचे. विज्ञानातही तसंच. कुठल्या भागात गेले ते बघितल्याशिवाय वाईट वाटून घेणंही अर्धवट आणि समाधान मानणंही अर्धवट.

आता आप्पांचं. ते अजून प्रत्येक लग्नात, हळदीच्या मांडवात, नव्या पाहुण्याला ही गोष्ट सांगतात: "आमची ही पोरगी पहिली येऊन रडत होती!" सगळे हसतात. त्यांचं तत्त्व एकच, "खाले दखीसन चालो, वर दखं का ठेच लागस." खाली बघून चालावं, वर बघितलं की ठेच लागते. ज्या माणसानं चौथीत शाळा सोडून बैलामागे आयुष्य काढलं त्याला हे तत्त्व उपयोगी पडलं असेल, मला त्याचा आदर आहे. आमचं खटलं, म्हणजे सगळं एकत्र कुटुंब, त्यांनीच ओढलं. पण पोटापुरतं पिकलं की समाधान मानावं हे पावसाच्या बाबतीत ठीक आहे, कारण पाऊस आपल्या हातात नाही. उत्तरपत्रिका कुणीतरी तपासलेली असते, तिची बेरीज पुन्हा करून मागता येते. दोन्हीला एकच न्याय लावायचा नसतो.

हल्ली त्यांनी नवा मुद्दा काढलाय. म्हणतात, बरंच झालं तुझं नाव आलं नाही, डी.एड. झालेली पोरं किती घरी बसली बघ. बसली, खरंच बसली. २०१० च्या शिक्षक भरतीच्या सीईटीनंतर भरती बरीच वर्षं जवळजवळ थांबलीच, २०१३ पासून टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा आली, डी.एड. कॉलेजं एकामागून एक ओस पडली. पण माझं नाव २००५ च्या यादीत आलं असतं तर मी २००७ ला बाहेर पडले असते, आणि त्या दोन-तीन वर्षांत जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये माझ्याच वयाच्या कितीतरी पोरी लागल्या. मी पुढे बी.ए., बी.एड. करून नोकरीला लागेपर्यंत त्या कायम झाल्या होत्या. तेव्हा हा मुद्दा चालत नाही, आप्पा. आणि समजा चालला असता, मी पुढे सुखी झाले म्हणून त्या दिवशी अर्ज न करू देणं बरोबर ठरत नाही.

एक गोष्ट मात्र सांगायची राहिली, आणि ती तुला कडू लागेल. वाईट वाटण्याचा तुला पूर्ण हक्क आहे, पण ते कुणाजवळ काढायचं हे बघावं लागतं. माझ्या ओट्यावर बसून इंग्रजी शिकलेली माझी मैत्रीण त्या वर्षी २९ गुणांवर राहिली. एसटी स्टँडवर आम्ही बाजूबाजूला बसलो होतो. ती रडत होती, आणि माझा उतरलेला चेहरा बघून एकदम फिरली, "तुले रडाले काय व्हयनं? तू तं पास शे!" मी काही बोलले नाही. तिला ऑक्टोबरला पुन्हा बसायचं होतं, घरी तिच्या लग्नाचं चाललं होतं, तिच्यासाठी पस्तीस आणि एकोणतीस यांच्यात अख्खं आयुष्य होतं. तिच्यासमोर माझ्या सत्तरची आणि चोपन्नची गोष्ट काढणं हा क्रूरपणा झाला असता. तुझ्या वर्गात जे सत्तरवर अडकलेत त्यांच्या ग्रुपवर "माझे फक्त ९१ आले" असं टाकू नकोस. तू मनापासून लिहिशील आणि ते त्यांना बोचेल, आणि त्यांचं चुकणार नाही. घरी बोल, शिकवणाऱ्या सरांशी बोल, किंवा तुझ्यापेक्षा वरच्या यत्तेतल्या कुणाशी, ज्याला त्या आकड्यांनी काही होत नाही.

हेही खरं की कधीकधी कारण काहीच सापडत नाही. सगळे विषय ठीक असतात, पेपर अपेक्षेइतकेच गेलेले असतात, प्रवेशही मिळतो, तरी पोकळ वाटतं, कारण वर्षभर सगळं घर त्या एका दिवसाकडे डोळे लावून असतं आणि तो दिवस अर्ध्या तासात संपतो. तसं असेल तर पंधरा-वीस दिवसांत आपोआप उतरतं. त्यापुढेही झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, तर ते गुणांचं राहिलेलं नाही. घरच्यांना स्पष्ट सांगून डॉक्टरांकडे जा. ते लपवू नकोस.

घरच्यांना पेढे वाटू दे. त्यांचा आनंद खोटा नाही, आणि तो मोडायची गरजही नाही. फक्त 'बाकीच्यांकडे बघ' म्हणाले की सांग, बघितलं, आता माझ्याकडे बघा. आणि गुणपत्रिका त्यांच्यापुढे ठेवून तो विषय बोटानं दाखव.

एखाद्या विषयात खात्रीनं दहापेक्षा जास्त गुण कमी वाटत असतील तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागव. नुसती गुणपडताळणी केली तर बेरीज आणि न तपासलेलं काही राहिलंय का एवढंच बघतात. उत्तर पुन्हा तपासून हवं असेल तर पुनर्मूल्यांकन, आणि त्यासाठी आधी छायाप्रत हातात असावी लागते. छायाप्रत आली की ती विषयाच्या सरांना दाखव, मगच पुढचा अर्ज कर, कारण गुण वाढण्याऐवजी घटूही शकतात. अर्ज ऑनलाइन होतो. मुदत निकालानंतर लगेच सुरू होते आणि लवकर संपते, तेव्हा घरात चर्चा संपायची वाट बघू नकोस. उद्याच शाळेत जा. कुठला विषय आहे आणि किती पडलेत ते खाली लिहिलंस तर मी बघून सांगते.