वाचकांचे प्रश्न : निरोपाचं हस्तलिखित

प्रश्न : शाळेचं शेवटचं वर्ष १९७१-७२. निरोप समारंभासाठी आमच्या वर्गानं काढलेलं हस्तलिखित एका वर्गमैत्रिणीच्या माळ्यावर सापडलं. त्यात सरलेल्या वर्षाचा आढावा आहे, निम्मी पानं युद्धावरच आहेत. टाचण्या गंजल्यात, शाई फिकी झालीय. स्नेहमेळाव्यात त्याची छापील प्रत वाटायची आहे. मजकुरातल्या चुका दुरुस्त कराव्यात का? (खानापूर, जि. बेळगाव)

उत्तर : आधी कागद वाचवा, मजकुराचं नंतर बघू. खानापूरच्या पावसाळ्यात या कामाला हात घालू नका, हवा कोरडी झाली की बसा. गंजलेली टाचणी ओढली की कागद फाटतो, कारण गंज कागदाच्या तंतूंत शिरलेला असतो. टाचणीच्या दोन्ही बाजूंना जाड कागदाचा कपटा सरकवा, मागचे वळलेले पाय बोथट सुरीनं सरळ करा आणि मग टाचणी वर उचला. ओलं फडकं चुकूनही लावू नका. दौतीतली निळी शाई पाण्यानं क्षणात पसरते. बुरशी दिसली तर पान सावलीत वाळवा, मग नाकाला फडकं बांधून अंगणात मऊ ब्रशनं झाडा. उन्हात ठेवलंत तर उरलेली शाईही जाईल. सेलोटेप नको आणि लॅमिनेशन तर नकोच. ते परत निघत नाही.

वही स्कॅनरवर पालथी दाबू नका, शिवण तुटते. दोन्ही बाजूंना पुस्तकांचा आधार देऊन ती काटकोनापेक्षा थोडी जास्त उघडा आणि खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, एकेका पानाचा फोटो घ्या. फोन स्टँडवर आणि पानाला समांतर हवा, नाहीतर ओळी तिरक्या होतात. फोटो रंगीतच काढा. काळ्या-पांढऱ्यात फिकी निळी शाई साफ नाहीशी होते. ए-फोर आकारात नीट छापायला साधारण २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात. हीच फाइल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवली की आकसते, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मूळ वही दोनदा धुऊन खळ काढलेल्या मांजरपाटात गुंडाळा. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते.

आता चुकांचं. एक अक्षरही बदलू नका. ती पानं लिहिणाऱ्या मुलांना पुढचं काहीच ठाऊक नव्हतं, आणि त्या पानांचं मोल त्यातच आहे. त्यांनी ‘म्हैसूर राज्य’ लिहिलं असेल तर ते बरोबरच आहे, कारण कर्नाटक हे नाव १ नोव्हेंबर १९७३ ला आलं. ‘बेळगाव’चं ‘बेळगावी’ करू नका. खुलासा हवाच असेल तर पानाखाली बारीक टाइपात, संपादकाचा म्हणून वेगळा द्या.

सोबत वर्गमित्रांनी आज सांगितलेल्या आठवणी छापणार असाल तर त्या मात्र तपासून घ्याव्या लागतील, कारण १९६५ आणि १९७१ ची युद्धं हमखास एकमेकांत मिसळतात. शास्त्रीजींनी एक वेळचं जेवण सोडायला सांगितलं, हे कुणी शेवटच्या वर्षाच्या आठवणीत सांगितलं तर ते आधीच्या युद्धाचं आहे. शास्त्रीजी ११ जानेवारी १९६६ ला गेले. युद्धाची बातमी आली तेव्हा बाहेर पाऊस लागला होता, असं कुणी म्हटलं तर सप्टेंबर १९६५ चा विचार करा. १९७१ ची लढाई डिसेंबरातली, थंडीतली. चंद्राचीही मदत घ्या. ३ डिसेंबर १९७१ हा शुक्रवार, पौर्णिमा आदल्या दिवशीची. म्हणजे पहिल्या रात्री चांदण्याच्या होत्या आणि १६ तारखेच्या गुरुवारी, ढाक्यात शरणागती झाली तेव्हा, अमावास्या तोंडावर होती. दिवे मालवून किर्र काळोखात बसल्याची आठवण ३ तारखेची म्हणून छापण्याआधी पुन्हा विचारा. ‘काय आठवतं?’ असं विचारलं की ऐकीव उत्तर येतं. ‘काचांना कागद कुणी चिकटवले, खळ कशाची केली, रेडिओ कुणाच्या घरी होता?’ असं विचारलं की माणूस त्या खोलीत जाऊन बसतो.

प्रश्न : आजोबांचा १९४४ च्या मॅट्रिकच्या वर्गाचा फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला आहे. कसा सोडवावा? (निपाणी)

उत्तर : सोडवू नका. फोटोवरचा जिलेटिनचा थर ओलीनं मऊ होतो आणि वाळताना काचेला घट्ट धरतो. ओढलं की चेहरेच काचेवर राहतात. वाफ नको, पाणी नको. मागची फळी तेवढी काढा आणि काचेसकट फोटो घ्या. दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत उजेड द्या. कॅमेऱ्यामागे काळं कापड धरा, म्हणजे काचेत तुमचंच प्रतिबिंब येणार नाही.

नावांसाठी छापील प्रतीवर बटर पेपर ठेवून डोक्यांच्या कडा गिरवा, आकडे टाका आणि तो कागद नातलगांत फिरवा. ‘डावीकडून’ म्हणजे बघणाऱ्याच्या डावीकडून, हे वर लिहाच. मुली असतील तर माहेरचं आणि सासरचं अशी दोन्ही नावं हवीत. शाळेच्या दप्तरात बोर्डाच्या नोंदी शोधण्यात वेळ घालवू नका. तेव्हा बेळगाव मुंबई प्रांतात होतं आणि मॅट्रिकची परीक्षा मुंबई विद्यापीठ घेई.

प्रश्न : १९७१ च्या लढाईत असलेल्या आमच्या एका वर्गमित्राची पत्रं स्मरणिकेत घ्यायची आहेत. पाकिटांवर गावाचं नाव नाही. (बेळगाव)

उत्तर : गावाचं नाव नसणारच. फौजेतल्या पत्त्यावर ५६ किंवा ९९ ए.पी.ओ. (आर्मी पोस्ट ऑफिस) एवढंच असतं, आणि ९९ म्हणजे पूर्वेकडचं टपाल. पाकिटं फेकू नका, तारखेचा शिक्का त्यांच्यावरच आहे. देशातल्या पाकिटावर पाच पैशांचं जादा ‘शरणार्थी सहायता’ तिकीट दिसलं तर ते १५ नोव्हेंबर १९७१ नंतरचं.

मित्र ‘मराठा’ पलटणीतला, म्हणून तो पूर्व पाकिस्तानातल्या टांगाईलला उतरला होता असं गृहीत धरू नका. ११ डिसेंबरला तिथे हवाई छत्रीनं उतरली ती दुसरी पॅरा (पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण), म्हणजे पूर्वीची तिसरी मराठा. पहिली मराठा त्याच सुमारास जमालपूरला लढत होती. पलटणीचा क्रमांक घरच्यांकडच्या सेवेच्या कागदांवर मिळेल. पत्रं छापण्याआधी त्याची, तो नसेल तर घरच्यांची लेखी परवानगी घ्या. घरगुती ओळी कुठल्या गाळायच्या ते त्यांना ठरवू द्या, आणि जिथे गाळल्या तिथे तीन टिंबं द्या.