दारातून परत गेलेला माणूस

प्रश्न : आमच्या चाळीत तिघांना डेंग्यू झाला. पालिकेचा माणूस पाणी तपासायला आला, तर सासऱ्यांनी त्याला दारातूनच परत पाठवलं. "माझ्या घरात कोण येणार ते मी ठरवणार," म्हणाले. मला त्यांचंही पटतं आणि शेजाऱ्यांची काळजीही वाटते. काय करू?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : ताई, सासऱ्यांना हट्टी म्हणू नका. १८९६ च्या प्लेगात याच शहरात घराघरांत शिरून आजाऱ्यांना उचलून नेत. लोक रुग्ण लपवू लागले. त्या ऑक्टोबरात गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. धाकाने साथ आटोक्यात आली नाही, उलट घरांत दडली. तेव्हा येणाऱ्याकडे ओळखपत्र मागा, घरचं कुणी असेल तेव्हाच या म्हणा, चपला बाहेर काढायला लावा. तो तुमचा हक्कच आहे.

मोरीतलं पिंप मात्र दाखवायलाच हवं. डेंग्यूचा डास फार लांब उडत नाही. चावतो दिवसा, पोरं जिन्यात खेळत असतात तेव्हा. तुमच्या पिंपातला डास शेजारच्या बाळाला चावणार, आणि त्या बाळाच्या आईला तुमचं पिंप उघडून बघता येत नाही.

मी पालिकेच्या दवाखान्यात एकतीस वर्षं डॉक्टर होते. परळच्या एका घरात दोन्ही मुलं तापाने फणफणलेली. घर लख्ख, हंडे झाकलेले. शेवटी फ्रिजमागचा ट्रे ओढला, तर त्यात अळ्या वळवळत होत्या. ती बाई रडायलाच लागली. तिची काय चूक? तिथे पाणी साठतं हेच तिला कुणी सांगितलं नव्हतं. तपासणी ही झडती नव्हे, हे मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगत आले.

आठवड्यातून एकदा पिंप रिकामं करा आणि काथ्याने कडा खरवडून घासा. नुसतं ओतून भागत नाही. अंडी कडेला चिकटतात, कोरडी राहूनही महिनोन्‌महिने टिकतात, आणि पाणी मिळालं की आठ-दहा दिवसांत डास तयार.

पुढच्या खेपेला टॉर्च सासऱ्यांच्याच हातात द्या. त्या माणसाला बाजूला उभं राहू दे. अळी डोकं खाली करून पाण्यात लटकते, पिंपाला धक्का लागला की वळवळत तळाशी जाते. ते त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहू द्या.