टॅबलेटवर जीपीएस आणि नकाशा समोर असूनही छोट्या विमानांचे पायलट बंदी असलेल्या हवाई क्षेत्रात कसे शिरतात? ते टाळायला काय करता?

मी अमेरिकेत मेरीलँडमधल्या फ्रेडरिकहून सेसना १७२ उडवतो. इथून दक्षिणेला जेमतेम ७ नॉटिकल मैलांवर वॉशिंग्टनच्या ३० मैल त्रिज्येच्या विशेष नियंत्रित हवाई क्षेत्राची हद्द लागते. उत्तरेला राष्ट्राध्यक्षांच्या विश्रामस्थानाभोवतीचं, म्हणजे कॅम्प डेव्हिडभोवतीचं, पी-४० हे बंदीचं क्षेत्र आहे. माझं विमान मिनिटाला दोन मैलांच्या आसपास जातं, म्हणजे चुकायला चार मिनिटं पुरतात. ११ मे २००५ रोजी पेनसिल्वेनियातून निघालेलं एक सेसना १५० वाट चुकून आत आलं, तेव्हा व्हाइट हाउस आणि कॅपिटल रिकामं करावं लागलं होतं.

बहुतेक चुका जमिनीवरच होतात, असं माझं ठाम मत आहे. जीपीएसवर थेट ठिकाणापर्यंत सरळ रूट आखणाऱ्या ‘डायरेक्ट-टू’ बटणाचंच घ्या. फ्रेडरिकहून व्हर्जिनियातल्या फ्रेडरिक्सबर्गला जायचं म्हणून ते दाबलं, की जांभळी रेघ सरळ त्या क्षेत्रातून जाते. फ्लाइट प्लॅन, स्वतःचा ट्रान्सपाँडर कोड (रडारवर विमान ओळखू येण्यासाठी दिलेला आकडा) आणि कंट्रोलशी रेडिओवर बोलणं, यांतलं एक जरी नसलं तरी आत जाता येत नाही. टॅबलेट इशारा देतो, पण तो वाटेतल्या उंच टॉवरचा, जवळच्या विमानाचा, सगळ्याचाच इशारा देतो. बोट सवयीनं तो पुसून टाकतं. म्हणून मी रूट हातानं आखतो: आधी पश्चिमेला फ्रंट रॉयल, मग दक्षिण.

दुसरी गोष्ट तात्पुरत्या बंदीची, टीएफआरची. राष्ट्राध्यक्ष कुठे गेले की तिथे साधारण ३० मैलांचं वर्तुळ पडतं आणि आतल्या १० मैलांत आमच्यासारख्यांना पूर्ण मज्जाव असतो. टॅबलेट दाखवतो ते शेवटचं डाउनलोड. उडताना जमिनीवरच्या एडीएस-बी टॉवरकडून (विमानांना रेडिओवरून माहिती पुरवणाऱ्या केंद्रांकडून) नवी माहिती येते, पण विमान उभं असताना किंवा डोंगराआड खाली असताना ती मिळेलच असं नाही. म्हणून इंजिन सुरू करण्याआधी वायफायवर अपडेट करायचं, त्याची वेळ वाचायची आणि फ्लाइट सर्व्हिसला, म्हणजे पायलटांना माहिती देणाऱ्या सेवेला, फोन करून नोटॅम (पायलटांसाठीच्या ताज्या सूचना) विचारायचे. फोनचा कंटाळा करू नका, कळकळीनं सांगतो.

एका जुलैत पूर्वेकडून परतताना काचेवर लावलेला टॅबलेट उन्हानं तापला आणि स्क्रीन काळी झाली. मांडीवर घडी घातलेला कागदी चार्ट होता, त्यावर पेन्सिलची रेघ. शुगरलोफ डोंगर हद्दीच्या थोडा आत आहे; तो डाव्या खिडकीत लांब ठेवून मी घरी आलो. तेव्हापासून हद्दीपासून निदान ३ मैल लांब राहतो. चार्ट आजही मांडीवरच असतो.

दुसऱ्या रेडिओवर १२१.५ ही आणीबाणीची फ्रिक्वेन्सी कायम ऐकत राहा. लढाऊ विमान शेजारी आलंच तर पंख हलवून उत्तर द्या आणि त्याच्यामागे जा. चुकून हद्द ओलांडलीच, तर १० दिवसांच्या आत नासाकडे सुरक्षा अहवाल पाठवा.