सराव वाढला, झोप उडाली

प्रश्न : वय 38, वजन 55 किलो, शाकाहारी. डिसेंबरात पूर्ण मॅरेथॉन पळायची आहे. पहिले दोन महिने झकास गेले. आता पहाटे तीनलाच जाग येते, घरात उगाच चिडचिड होते, सकाळची नाडी 58 वरून 67 वर गेली आहे, पाळी दोन महिने आली नाही आणि वजन तसूभर हललेलं नाही. तळजाई टेकडीवर नुसता चहा घेऊन पळते. गुरुवारी उपास आणि इंटर्व्हल (थोडं जोरात, थोडं हळू असं आलटूनपालटून पळणं), शनिवारी सिंहगड, रविवारी 28 किलोमीटर. सराव कमी पडतोय का?
– एक वाचक, सहकारनगर

उत्तर : कमी सराव नाही, अन्न पडतंय. पळताना दर किलोमीटरला वजनाच्या किलोमागे साधारण एक कॅलरी खर्च होते. म्हणजे तुमच्या एका रविवारचाच खर्च 1500 च्या घरात. तो भरून निघाला नाही की शरीर काटकसर सुरू करतं आणि पहिली कात्री पाळीला लागते. झोप नि मूडही त्यातच बिघडतात. वजनकाट्यावर मात्र याचा पत्ता लागेलच असं नाही.

निघण्याआधी अर्धा तास एक केळं किंवा चार खजूर खा. दीड तासाच्या पुढे पळणार असाल तर दर तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं हवीत. एका केळ्यातून 25 च्या आसपास मिळतात. परतल्यावर तासाभरात नाश्ता. प्रथिनं दिवसाला 80 ग्रॅमच्या आसपास हवीत, आणि इथेच शाकाहारी ताट फसवतं : वाटीभर साध्या वरणात जेमतेम 5-6 ग्रॅम. 100 ग्रॅम पनीर 18 देतं, 50 ग्रॅम कोरडे सोयाबीन वड्यांचे तुकडे 25. उपास सोडा असं म्हणत नाही, पण इंटर्व्हल मंगळवारी न्या. देवाची हरकत नसावी. सिंहगड महिन्यातून एकदा पुरे, तोही लांब पल्ल्याच्या आदल्या दिवशी नको. आणि गेलात तर पिठलं-भाकरी खाऊनच उतरा.

पुढचे दोन आठवडे एकूण अंतर निम्म्यावर आणा. वेगाचा सराव बंद, रविवारी सपाट रस्त्यावर 14 किलोमीटर, बोलता येईल इतक्याच गतीने. नाडी रोज अंथरुणातच, उठून बसण्याआधी, पूर्ण 60 सेकंद मोजा. एखाद्या दिवशीच्या आकड्याने घाबरू नका, आठवड्याची सरासरी बघा.

पाळीसाठी आधी गर्भधारणेची चाचणी, मग स्त्रीरोगतज्ज्ञ. तिसऱ्या महिन्याची वाट बघू नका. हिमोग्लोबिनसोबत फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि टीएसएच (थायरॉईडची चाचणी) हेही तपासायला सांगा. हिमोग्लोबिन ठीक दिसत असतानाही लोहाचा साठा आटलेला असू शकतो. रिपोर्ट हाती येण्याआधी लोहाच्या गोळ्या मनाने सुरू करू नका. जेवणाला लागून चहा मात्र आजच बंद करा, त्याने लोह नीट शोषलं जात नाही. पळताना छातीत दुखलं किंवा भोवळ आली तर थांबा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

चार आठवड्यांनीही नाडीची सरासरी 60 च्या आसपास आली नाही, तर यंदा नाव हाफमध्ये द्या.