मगर २० कोटी वर्षांत बदललेली नाही म्हणतात, मग जमिनीवर धावणाऱ्या मगरी खरंच होत्या का? की ते डायनासोरच होते?

होत्या. मगरीच्या घराण्याचा मूळ मुक्कामच जमिनीवर होता, पाण्यात दबा धरून पडणं नंतर आलं. ‘२० कोटी वर्षांत न बदललेला प्राणी’ हे वाक्य पाट्यांवर आणि व्हिडिओंमध्ये इतक्यांदा येतं की लोक ते तपासतच नाहीत. आज आपण ज्यांना मगर म्हणतो त्यांचा गट क्रिटेशस काळाच्या उत्तरार्धातला (सुमारे १० ते ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा). त्याआधीच्या नातेवाईकांमध्ये लांब पायांचे, दोन पायांवर चालणारे, बिनदातांचे, झाडपाला खाणारे असे सगळे प्रकार होऊन गेले.

डायनासोरबद्दल थोडक्यात: नाही, ते चुलत घराणं. आर्कोसॉर गटाला सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी दोन फाटे फुटले. एकातून डायनासोर आणि पक्षी आले, दुसऱ्यातून मगरी. हा दुसरा फाटा म्हणजे स्यूडोसुकिया. ट्रायसिक काळात (सुमारे २५ ते २० कोटी वर्षांपूर्वी) जमिनीवरचे सर्वांत मोठे शिकारी बहुतेक ठिकाणी याच फाट्यातले होते. डायनासोर तेव्हा दुय्यम होते.

सांगाड्यावरून कसं ओळखायचं, हे मात्र सविस्तर लिहितो. अशाच एका सांगाड्याच्या पायांवरून ठाण्यात माझा जोरदार वाद झालेला आहे आणि त्यात मी आजही एक इंच मागे हटणार नाही.

शाळा-कॉलेजांसाठी सांगाड्यांची मॉडेलं करतो. एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी पोस्टोसुकस ठरला होता. टेक्सासमधल्या पोस्ट गावाजवळ सापडलेला, चार-पाच मीटर लांबीचा ट्रायसिक शिकारी, शंकर चॅटर्जी यांनी १९८५ साली त्याला हे नाव दिलं. एकास पाच प्रमाणात मॉडेल साधारण ९० सेंटीमीटरचं होतं. प्रदर्शनाची व्यवस्था बघणाऱ्या गृहस्थांचा हट्ट एकच: पाय पवईच्या मगरीसारखे बाजूला फाकवा, नाहीतर मुलांना तो डायनासोर वाटेल. मी नकार दिला. त्यांनी ते दुसऱ्या कारागिराकडून करून घेतलं. थोड्याच दिवसांत खुब्याजवळ तार वाकली, जांघेतल्या पुट्टीला तडे गेले आणि पोट फळीला टेकलं. मग म्हणाले, तार हलकी होती. तार ३ मिलिमीटरची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) होती आणि त्या वजनाला भरपूर होती. पाय चुकीच्या जागी होते.

का, ते बघा. राउइसुकियन म्हणजे पोस्टोसुकसच्या गोतावळ्यातल्या प्राण्यांमध्ये कमरेचं वरचं हाड, इलियम, खुब्याच्या वाटीवर छज्जासारखं बाहेर आलेलं असतं. वाटीचं तोंड त्यामुळे बाजूला न राहता बरंचसं खाली वळतं. मांडीचं हाड खालून सरळ त्या छज्जाला टेकतं आणि धडाचं वजन उभ्या हाडातून जमिनीत उतरतं. डायनासोरांनी हाच परिणाम वेगळ्या रचनेतून मिळवला. त्यांच्या मांडीच्या हाडाचं डोकं काटकोनात आत वळलेलं असतं आणि ते बाजूने वाटीत शिरतं, वाटीही मध्ये आरपार उघडी असते. पाय दोघांचेही पोटाखाली सरळ, पण सांधा वेगळा. सरळ पाय दोन्ही फाट्यांनी आपापले वेगळे मिळवले हे दाखवणारा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. आता छज्जा असलेल्या वाटीत मांडी आडवी घातली तर हाडाचं डोकं टेकतं कुठे? कुठेच नाही. वजन आडव्या हाडाच्या टोकाला लोंबकळतं. मॉडेलमध्ये तार वाकते, जिवंत प्राण्यात सांधा निखळला असता.

दुसरी खूण घोट्यात. तिथे दोन महत्त्वाची हाडं असतात, ॲस्ट्रॅगलस आणि कॅल्केनियम. डायनासोरांमध्ये ही दोन्ही नडगीला घट्ट चिकटलेली असतात आणि पाऊल त्यांच्या खाली बिजागरीने हलतं. मगरीच्या फाट्यात ॲस्ट्रॅगलस नडगीबरोबर राहतो, कॅल्केनियम पावलाबरोबर फिरतो. ॲस्ट्रॅगलसला खुंटी आणि कॅल्केनियमला खोबण. कॅल्केनियम मागे वाढून टाच बनते, पोटरीचे स्नायू तिला ओढतात आणि पाऊल जोरात ढकललं जातं. ऑर्निथोसुकिड नावाच्या गटात खुंटी-खोबण उलटी आहे, खुंटी कॅल्केनियमला. संग्रहालयात सांगाडा बघाल तेव्हा मागे निघालेली टाच आहे का ते आधी बघा. आठ-दहा पावलांवरूनही दिसते.

आता पायाचे ठसे. हा पुरावा मी त्या गृहस्थांपुढे ठेवला होता आणि त्यांनी वाचायची तसदी घेतली नाही, म्हणून इथे पूर्ण लिहितो. जर्मनीत हिल्डबुर्गहाउझेनजवळ १८३० च्या दशकात माणसाच्या हातासारखे ठसे सापडले. १८३५ साली काउप यांनी त्यांना कायरोथेरियम नाव दिलं. पाचवं बोट बाहेर वळलेलं, अंगठ्यासारखं, पण ते प्रत्येक ठशात बाहेरच्या बाजूला. तो अंगठाच असं धरल्यामुळे काही जणांनी प्राणी पाय एकमेकांवर टाकून चालत होता असाही अर्थ काढला. खरं तर तो अंगठा नव्हताच, ती करंगळी. १९२५ साली झोएर्गेल यांनी निव्वळ ठशांवरून सांगितलं की हा स्यूडोसुकियन असणार: पाय सरळ, ठशांची माळ अरुंद, पुढचे पाय मागच्यांपेक्षा लहान. १९६५ साली क्रेब्स यांनी स्वित्झर्लंडमधल्या मॉन्टे सान जॉर्जिओच्या टिसिनोसुकस या स्यूडोसुकियनच्या सांगाड्याचं वर्णन केलं आणि त्याचं पाऊल त्या ठशांना जुळलं. हाडं हातात येण्याआधी चाल कळली होती! पाय फाकवून चालणाऱ्या प्राण्याचे डावे-उजवे ठसे एकमेकांपासून लांब पडतात. कायरोथेरियममध्ये ते जवळजवळ एका रेषेत आहेत.

ज्यांना मॉडेल करायचं आहे त्यांच्यासाठी क्रम देतो. कण्याला ४ मिलिमीटर जीआय तार, पायांना ३. ठाण्यात जांभळी नाक्याकडच्या हार्डवेअरच्या दुकानात सुटी मिळते, फूटावर. कमरेची हाडं ५ मिलिमीटर सनबोर्डमधून कापा, आणि छज्जा वेगळा तुकडा म्हणून आधी चिकटवा, शेवटी पुट्टीने वाढवायला जाऊ नका, तो तिथेच तुटतो. कमर कण्यावर बसली की खुब्याच्या मध्यातून ओळंबा सोडा. दोरी पावलाच्या पुढच्या अर्ध्या भागात उतरली पाहिजे, टाचेच्या मागे गेली तर मॉडेल बसतं. दोन पावलांतलं अंतर खुब्यांमधल्या अंतराएवढं किंवा त्याहून कमी ठेवा. गुडघा थोडा पुढे वाकवा, कवायतीसारखा ताठ नको. एम-सील पुट्टीचे दोन्ही गोळे समान भागांत घेऊन रंग एकजीव होईपर्यंत मळायचे आणि थर तीनेक मिलिमीटरपेक्षा जाड एकदम चढवायचा नाही. आधीचा थर रात्रभर सुकू द्या. हाडं थ्रीडी प्रिंट करणार असाल तर पावसाळ्यात पीएलए या प्रिंटरच्या प्लास्टिकचं रीळ डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. ठाण्याची दमट हवा ते शोषून घेतं, मग प्रिंटला तंतू सुटतात आणि घोट्याची बारीक खुंटी नेमकी तिथेच फसते. शेपटी विसरू नका. निम्मी लांबी तिची आहे आणि मागचा तोल तीच सांभाळते.

पण मगरीचं घराणं मूळचं जमिनीवरचं याचा सर्वांत मोठा पुरावा माझ्या मते आजच्या मगरीच्या मनगटात आहे, आणि तो कुणी दाखवत नाही. आपल्या मनगटातली हाडं खड्यांसारखी बारीक. मगरीच्या मनगटात रेडिएल आणि अल्नेअर ही दोन हाडं चांगली लांबुळकी, मध्ये निमुळती आणि दोन्ही टोकांना रुंद असतात. पुढच्या पायाला त्यामुळे एक जादा खंड मिळतो, पाय लांब होतो. पोहणाऱ्या प्राण्याला याचा उपयोग काय? काही नाही. ट्रायसिकच्या शेवटी वेल्समध्ये राहणारा मगरीचा जुना नातेवाईक टेरेस्ट्रिसुकस बघा: जेमतेम मीटरभर, काडीसारखे लांब पाय, आणि हीच मनगटाची हाडं. धावपळीसाठी घडलेला अवयव पाण्यात गेल्यावरही सुटला नाही. आजही मगर काठावर पोट उचलून चालते, आणि ऑस्ट्रेलियातली गोड्या पाण्यातली मगर चक्क चौखूर उधळते. चार कप्प्यांचं हृदयही तिच्याकडे आहे.

डोकं पटकन सांगतो. जमिनीवरच्यांची कवटी उंच आणि बाजूने चपटी, डोळे बाजूला, नाकपुड्या पुढे, डोळ्यापुढे बहुतेकांना एक मोठं छिद्र. पाण्यातल्यांची कवटी बसकी, डोळे-नाक वर, ते छिद्र बंद. दात जमिनीवरच्या शिकाऱ्यांचे चपटे आणि करवती धारेचे, पाण्यातल्यांचे शंकूसारखे. पण दातांत सर्वाधिक गंमत मगरीच्या फाट्यातल्या नोटोसुकियन गटाने केली. मादागास्करचा सिमोसुकस (२००० साली नाव मिळालेला) बोथट तोंडाचा आणि लवंगेच्या आकाराच्या दातांचा, बहुधा वनस्पती खाणारा. टांझानियाचा पाकासुकस, मांजराएवढा, त्याच्या दाढा सस्तन प्राण्यांसारख्या एकमेकींत बसतात. याच गटातले सेबेसिड तर डायनासोर संपल्यानंतरही दक्षिण अमेरिकेत मोठे शिकारी होते. २०२५ साली डॉमिनिकन रिपब्लिकमधून जाहीर झालेले त्यांचे अवशेष गेल्या १ कोटी वर्षांतले आहेत. आणि इओसीन काळात (सुमारे ५.६ ते ३.४ कोटी वर्षांपूर्वी) बोव्हरिसुकस ही खऱ्या मगरींच्या गटातली मगर पाण्यातून पुन्हा जमिनीवर आली, तिच्या बोटांना खुरासारखी टोकं होती. ‘न बदललेला प्राणी’ म्हणणाऱ्यांनी निदान ही तीन-चार नावं शोधून बघावीत.

काही गोष्टी वर राहून गेल्या. पोस्टोसुकस चारही पायांवर चालायचा की फक्त मागच्या दोन, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत, कारण त्याचे पुढचे पाय मागच्यांच्या साधारण दोन-तृतीयांश आहेत. मूळ वर्णनात दुसऱ्या प्राण्याची काही हाडंही मिसळली होती. त्यामुळे मॉडेल दोन पायांवर उभं केलंत तरी मी भांडणार नाही. फाकवलेल्या पायांना मात्र दोन्ही बाजूंनी जागा नाही. तसंच, सगळ्या सरपटणाऱ्या प्राण्यांचे अगदी जुने पूर्वज पाय फाकवूनच चालत. मी जे ‘नंतर आलं’ म्हणतो ते फक्त मगरीच्या या घराण्यापुरतं.

घोट्याबद्दल एक मोठी अट आहे. निव्वळ मगरीसारखा घोटा दिसला म्हणून प्राणी मगरीच्या फाट्यातला ठरत नाही. आपल्याच गोदावरी खोऱ्यातल्या येर्रापल्ली खडकातला यारासुकस २००५ साली मगरीच्या फाट्यात टाकला गेला होता. २०१७ साली टांझानियाच्या टेलिओक्रेटर या त्याच्या नातेवाईकाचा अभ्यास आला आणि यारासुकस थेट पक्षी-डायनासोरांच्या फाट्यात गेला. टेलिओक्रेटरचा घोटा मगरीसारखा निघाला, म्हणजे हा घोटा दोन्ही फाट्यांच्या सामाईक पूर्वजाकडेच असावा आणि डायनासोरांनी तो नंतर बदलला. म्हणून एका हाडावरून निकाल देऊ नका. कंबर, घोटा, मनगट आणि कवटी एकत्र बघा.

भारतातला खात्रीचा नातेवाईक हवा असेल तर मध्य प्रदेशातल्या टिकी खडकस्तरातला टिकिसुकस, १९८७ साली वर्णन झालेला राउइसुकियन. ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगरात मात्र हे शोधायला जाऊ नका. तो सगळा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे, ट्रायसिक खडक नाही. महाराष्ट्राच्या कडेचे खडक बघायचे तर गडचिरोलीत सिरोंच्याच्या बाजूला, आणि ट्रायसिक हाडांसाठी त्यापलीकडे तेलंगणातल्या मालेरीकडे जावं लागतं.