दीडपट वेगाने ख्याल ऐकता येत नाही

चिरंजीवास,
सप्रेम आशीर्वाद.

तुझा तक्ता मिळाला. पहाटे साडेचारला उठणं, गार पाण्याची अंघोळ, ध्यान, वीस पानं वाचन, जिम, ऑफिसला जाताना पॉडकास्ट, तेही दीडपट वेगाने. साखर बंद, मालिका बंद, गाणी बंद. 'फोकस म्युझिक' तेवढं चालू. रात्री साडेनऊला दिवसाचा हिशेब लिहायचा आणि दहाला दिवा मालवायचा. खाली विचारलं आहेस, "मॅडम, यात अजून काय घालू?"

घालायचं काहीच नाही, काढायचं मात्र बरंच आहे, म्हणून फोन न करता लिहायला बसले. फोनवर तू 'हो मॅडम, हो मॅडम' करतोस आणि मग तुझंच खरं करतोस, हे तू बँकेच्या शाखेत माझ्या हाताखाली होतास तेव्हापासून मला ठाऊक आहे.

व्यायाम ठेव. साखर कमी केलीस ते उत्तम. साडेचारचं तुझं तू बघ. हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून रात्री नऊला घरी पोचणाऱ्याने दहाला झोपून साडेचारला उठायचं, यात जेवायचं कधी आणि आईशी बोलायचं कधी ते तक्त्यात मला दिसलं नाही. पुस्तकांबद्दलही मी बोलत नाही, तू वाचतोस त्यातली निम्मी मला कळायची नाहीत. मला कळतं ते मालिका आणि गाणं. या दोन गोष्टींवर मी आयुष्यातला भरपूर वेळ घालवला आहे आणि तो वाया गेला असं मला अजून एकदाही वाटलेलं नाही. तू त्यांना 'टाइमपास' या रकान्यात रील्सच्या शेजारी टाकलंस, तिथे माझा तुझ्याशी वाद आहे.

माझी आवडती मालिका कोणती हे शाखेत शिपायापासून सगळ्यांना माहीत होतं. 'श्रीयुत गंगाधर टिपरे' २००१ मध्ये सुरू झाली आणि २००५ मध्ये संपली. तू तेव्हा बालवाडीत असशील. आठवड्यातून एकदा लागायची. आमच्याकडे भारनियमन नेमकं त्याच वेळेला यायचं, मग दुसऱ्या दिवशी पलीकडच्या गल्लीतल्या वहिनींकडून अख्खा भाग ऐकून घ्यायचा. त्या इतकं रंगवून सांगायच्या की पुढे कधी तो भाग पुन्हा लागला तर मला जरा फिकाच वाटायचा.

आबा टिपरे म्हणजे दिलीप प्रभावळकर. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते 'चिमणराव' मालिकेत, पुण्याला मावशीकडे, दूरदर्शनच्या कृष्णधवल दिवसांत. चिमणराव ते आबा यांत वीसहून जास्त वर्षं गेली. आबा साकारायला लागले तेव्हा प्रभावळकर साठीचेही नव्हते, पण आवाजात आणि खांद्यांत म्हातारपण असं उतरवलं होतं की माझ्या सासूबाई टीव्हीसमोर पाय आवरून बसायच्या. एकाच माणसाला इतक्या वर्षांच्या अंतराने बघितलं की आपोआप लक्षात यायला लागतं, हा माणूस हातांचं काय करतो, कुठे थांबतो, विनोदाच्या आधी श्वास कसा घेतो. हे बघायला मला कुणी शिकवलं नाही. काउंटरवर समोरचा कर्ज मागायला आलेला माणूस खरं बोलतोय की पाठ केलेलं बोलतोय, हे मला बऱ्याचदा कळायचं; ते कुठल्या ट्रेनिंगमध्ये आलं म्हणतोस?

पण मला तुला सांगायचं आहे ते आबांच्या डायरीबद्दल. ती मालिका मुळात प्रभावळकरांच्याच 'अनुदिनी' या लेखनावर उभी आहे, आणि आबा रोजनिशी लिहितात हाच तिचा कणा. तूही रोज रात्री लिहितोस. मला पाठवलेल्या नमुन्यात काय आहे बघ: पावलं किती, पानं किती, पाणी किती लिटर, स्क्रीन टाइम किती, 'आज मी कुठे कमी पडलो'. पूर्ण पानभर तू एकटाच आहेस. आबांच्या डायरीत कोण असतं? सून काय बोलली, मुलगा का घुश्शात आहे, नातवाने काय उद्योग केले, नात कुठल्या नव्या खुळात आहे. आबा त्यात असतात, पण कडेला उभे. आणि गंमत म्हणजे त्या घरात कुणी सुधारायला निघालेलं नसतं, तरी आबा नातवंडांची भाषा उचलतात, त्यांच्या जगात डोकावतात, चुकतात, आपलं मत बदलतात. त्यांच्या वयाला ते जमतं, कारण त्यांचं लक्ष स्वतःवर नसतं.

म्हणून पहिली दुरुस्ती. रात्रीचा हिशेब बंद कर. त्याऐवजी तीन ओळी लिही, आणि त्यात दुसरा माणूस असला पाहिजे. वॉचमन चालेल, तुझा टीम लीड चालेल, आईचा फोन असेल तर उत्तमच. काय बोलला, कसा बोलला. महिनाभराने मला वाचायला दे.

मालिका पूर्ण बंद करू नकोस. मी स्वतः संध्याकाळी भाजी निवडता निवडता एक मालिका बघते, तिच्यात दर पंधरा दिवसांनी कुणाची तरी स्मृती जाते. त्याने माझं काही सुधारत नाही आणि बिघडतही नाही. कोथिंबीर निवडून होते. प्रश्न चांगल्या-वाईटाचा नाहीच. एक भाग संपला की पाच सेकंदांत दुसरा आपोआप सुरू होतो, तिथे बघणारा तू राहत नाहीस. सेटिंगमध्ये जाऊन ते ऑटोप्ले बंद कर. शोधावं लागेल, कारण त्यांना तू ते बंद करायला नकोच आहेस. आणि 'स्किप इंट्रो' दाबू नकोस. 'आभाळमाया', 'वादळवाट' या मालिकांची शीर्षकगीतं अशोक पत्कींनी बांधली. मालिकांचं कथानक आज कुणाला धड आठवत नाही, गाणी मात्र आमच्या पिढीतल्या कुणालाही मधूनच उचलून म्हणायला सांग. रोज एकदा, पदराला हात पुसत पुसत ऐकलेली गाणी ती.

आता गाणं. 'आमच्या वेळी' असं म्हणायचा मोह होतो आहे, पण आमच्या वेळचं सगळं सोन्याचं नव्हतं. रेडिओवर हवं ते गाणं लागायची वाट बघण्यात दुपार जायची आणि गाणं लागलं की वीज जायची. कॅसेटची टेप गुंतली की पेन्सिल घालून तासभर गुंडाळत बसायचं. महाग असायच्या त्या वेगळंच.

माणूस गाणं किती वेळ ऐकतो हे बऱ्याचदा यंत्र ठरवतं. ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं मावायची, म्हणून आपलं भावगीत तेवढ्याच लांबीचं झालं. कवीला ते तेवढंच सुचलं होतं असं नाही, तबकडीवर जागाच तेवढी होती. एलपीच्या मोठ्या तबकडीवर एका बाजूला वीस-बावीस मिनिटं आली, कॅसेटवर तीस किंवा पंचेचाळीस. मग एमपी-थ्रीची सीडी आली, एकीत दीडशे गाणी, आणि घरात कुणी अख्खं गाणं ऐकेनासं झालं. हात सारखा पुढच्या बटणावर. तुझ्या मोबाईलला तर तळच नाही.

म्हणजे लांब ते चांगलं आणि छोटं ते वाईट, असं मी म्हणेन असं तुला वाटलं असेल. तसं नाही. मी मिरजेत राहते, आमच्या गावचे अब्दुल करीम खाँसाहेब. मैफलीत तासन्‌तास गाणारा माणूस, १९३७ मध्ये गेले. त्यांचं जे गाणं आज आपल्याला ऐकायला मिळतं ते त्या तीन-तीन मिनिटांच्या तबकड्यांतच आहे, आणि त्या तीन मिनिटांवर पुढच्या पिढ्यांनी अख्खी शिकवणी काढली. तबकडी छोटीच, पण तीच ती शंभरदा लावली. रीलच्या छोटेपणाशी माझं भांडण नाही. तू एक रील दुसऱ्यांदा बघत नाहीस, माझं भांडण त्याच्याशी आहे.

माझी स्वतःची आवड चाळिशीपर्यंत भावगीतं, नाट्यगीतं आणि हिंदी सिनेमा एवढीच होती. ख्याल, म्हणजे रागदारीतलं ते संथ उलगडत जाणारं गाणं, ऐकलं की कुणीतरी 'आ' करतंय आणि काही घडत नाहीये, असंच वाटायचं. शाखेतले एक सहकारी तबला वाजवायचे. त्यांनी गायिका प्रभा अत्र्यांची मारुबिहाग आणि कलावती या रागांची कॅसेट दिली आणि बजावलं, "महिनाभर दुसरं काही ऐकायचं नाही." (प्रभाताई स्वतः विज्ञान आणि कायदा शिकलेल्या, शिवाय गाण्यात डॉक्टरेट. तुझ्या पॉडकास्टवाल्यांनी त्यांची मुलाखत घेतली असती तर पहिला प्रश्न सकाळी किती वाजता उठता हाच विचारला असता.)

पहिला आठवडा कंटाळ्यात गेला. मग त्यांनी जेवणाच्या सुट्टीत टेबलावर बोटांनी एकताल हा ताल वाजवून दाखवला. बारा मात्रा, म्हणजे बारा ठोके: धिं धिं धागे तिरकिट, तू ना क त्ता, धागे तिरकिट धी ना. विलंबितात, म्हणजे संथ लयीत, एकेक मात्रा इतकी ताणलेली असते की बारा मात्रांच्या एका आवर्तनाला पाऊण मिनिट सहज लागतं, त्यामुळे नवखा माणूस मध्येच हरवतो. 'तिरकिट' कानाने पकडायचं, ते स्पष्ट ऐकू येतं. पण ते दोनदा येतं, चौथ्या मात्रेला आणि दहाव्या. कुठलं ते कसं ओळखायचं? पुढचं ऐक. पहिल्यानंतर 'तू ना' येतं, त्यात डग्गा, म्हणजे डाव्या हाताचा घुमणारा, नसतो, आवाज कोरडा, नुसता उजव्या तबल्याच्या कडेचा आणि मधल्या काळ्या शाईचा. दुसऱ्यानंतर 'धी' येतं, डग्गा घुमतो. तो घुमला की दोनच मात्रा उरल्या. त्याच सुमाराला गायिका मुखडा, म्हणजे गाण्याच्या ओळीची सुरुवात, उचलते आणि सम, म्हणजे पुढच्या आवर्तनाची पहिली मात्रा, येते.

पहिल्यांदा माझी सम बरोबर सापडली तेव्हा मी पोळ्या लाटत होते आणि लाटणं समेवर आपटलं. मुलं घाबरून आत आली.

त्यानंतर गाण्यात 'काही घडत नाहीये' असं मला कधी वाटलं नाही. पुढे कलावती लागला, आणि त्यात रिषभ आणि मध्यम हे स्वर नाहीतच हे मला पुस्तकात वाचायच्या आधी कानाला जाणवलं, म्हणजे नेमकं काय नाही ते सांगता आलं नसतं, पण काहीतरी गाळलंय एवढं कळत होतं. तुझ्या भाषेत याला 'स्किल' म्हणतात का कोण जाणे. मी कुठल्याही तक्त्यात ते लिहिलं नव्हतं आणि त्यातून मला बढतीही मिळाली नाही. फक्त एवढं झालं की कंटाळा आला तरी पाच-दहा मिनिटं तिथेच बसून राहायची सवय लागली. वार्षिक ताळेबंदाच्या दिवसांत, रात्री अकराला तेरीज जुळत नसताना, शाखेत शेवटपर्यंत शांत बसणाऱ्यांत मी असायचे.

आता हेच दीडपट वेगाने करून बघ. पॉडकास्ट तसा ऐकता येतो, त्यातला निम्मा मजकूर पाणी असतो म्हणून. ख्याल ऐकता येत नाही. सम लवकर आली तर ती समच नाही.

आणि ते फोकस म्युझिक. ऐकू येऊ नये म्हणून लावलेलं गाणं ही कल्पना मला झेपत नाही. बाहेरचा गोंगाट अडवायचा असेल तर टेबलफॅन लाव, तो स्वस्त पडतो.

मोबाईलला मी नावं ठेवतेय असं समजू नकोस. गायक मल्लिकार्जुन मन्सूरांचे जे अनवट, क्वचित गायले जाणारे राग ऐकायला पूर्वी लोक एकमेकांच्या घरी जाऊन कॅसेटी कॉपी करून आणायचे, ते मला आता गॅसजवळ उभ्या उभ्या मिळतात. दुबईची भाची मराठी रॅप पाठवते. पहिल्यांदा ऐकताना शब्दच सापडत नाहीत, तिसऱ्यांदा सापडतात. त्यातला एक मुलगा यमकं इतकी चोख जुळवतो की त्याला कीर्तनाला उभं करावं. एक महिना त्याला द्यायचा विचार आहे.

तर तुझ्यासाठी ठरवून टाकते. एक ध्वनिमुद्रण निवड, एकच, आणि महिनाभर रोज तेच. कुठलं ते तूच निवड, रॅप असलं तरी चालेल. ऑफिसच्या बसमध्ये पॉडकास्टच्या जागी ते लाव. ऐकताना काही लिहायचं नाही, 'यातून काय शिकलो' हेही नाही. कुठल्या ॲपमध्ये सलग किती दिवस झाले याची नोंद ठेवलीस तर मला सांगूही नकोस. आणि आठवड्यातून एक संध्याकाळ एका मालिकेला, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. रूममेटलाही बसव, बघून झालं की तिच्यावर भांडा.

मिरासाहेब दर्ग्याच्या उरुसात खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते, तुला माहीत आहेच. शाखेत होतास तेव्हा दोनदा बोलावलं होतं, आला नाहीस. या वर्षी ये. मांडी घालून बसायची सवय आतापासून कर, खुर्ची मागायची नाही. तारखा कळल्या की कळवते, आणि रजा आधी टाक, तुमच्याकडे आयत्या वेळी मिळत नाही असं तूच म्हणाला होतास. आमच्याकडेच उतरायचं आहे.

कळावे,
तुझी मॅडम

ता. क. गार पाण्याच्या अंघोळीचं विसरलेच. गेल्या डिसेंबरात तुला छातीत कफ होऊन आठ दिवस घरी बसावं लागलं, तेव्हा आई इथून बसने आली होती. गिझर लाव.